हाक माझी, शाल मॅडमना

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. कुणाला काही दिसलं की मीच म्हणायची, रात्रीचं जेवण कमी करा. त्यामुळे हे लिहिताना कसंतरीच होतंय... पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आमचं घर कोकणात, सावर्ड्याजवळ. हे चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला. तिथे सेफ्टी ट्रेनिंग देणाऱ्या एक मॅडम आहेत. गणपतीला रजेवर आले तेव्हा ह्यांच्या तोंडी एकच – मॅडम असं सांगतात, मॅडम आल्यापासून अपघात कमी झाले! कामाला लागण्याआधी खाणीच्या छतावर सळई ठोकून आवाज ऐकायचा. टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर दगड सुटलाय, तिथून लगेच निघायचं. मला ऐकवायला घरातल्या चिऱ्याच्या भिंती ठोकत फिरले.

"फणस बडवून बघतो तसंच की! त्याला मॅडम कशाला?" मी म्हटलं.

"मॅडमचं समजावणं येगळंच गो," हे म्हणाले. अस्सा राग आला!

हे परत गेले. मग एका दुपारी मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते. भिंतीतून आवाज आला – टण्ण... टण्ण... आणि मग भद्द. उठून पलीकडे बघितलं, कोणी नाही. काय सुचलं कोण जाणे, भिंतीकडे बघून जीव खाऊन ओरडले, "अहो, भायेर या! आधी भायेर या!"

शेजारच्या काकी धावत आल्या. "कोनावर वरडतंस गो?" काय सांगणार, कपाळ!

संध्याकाळी ह्यांचा फोन. "आज दुपारी घाईत सळई ठोकायची राहिली गो. इतक्यात मागून बाईची हाक आली म्हणून आम्ही सगळे मागे पळालो, आणि छत खाली आलं... कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मॅडमचाच आवाज! त्यांनीच वाचवलं."

मी रडत होते, देवाला हात जोडत होते आणि जळतही होते. खोटं कशाला बोलू? पुढे सगळ्यांनी मिळून मॅडमना शाल-नारळ दिला. मोबाईलवर फोटो आला. हे शेजारी दात काढून उभे!

शेवटी विचारलंच, "हाक नेमकी काय आली होती?"

"'भायेर या' म्हणाली."

"मॅडम कुठच्या?"

"बिहारच्या. त्यांना मराठी कुठे येतं, 'भायेर' कशा म्हणतील..."

ह्यांनी सळई ठोकलीच नाही, मग मला ते आवाज कुठून ऐकू आले? माझी हाक तिकडे गेली कशी? आजही कळलेलं नाही. भद्द म्हणजे धोका, हे मॅडमनी शिकवलं, मान्य आहे. शाल त्यांनाच राहू दे. पण त्या नारळातलं अर्धं खोबरं माझं होतं!