दोरीवरची जेलीफिश

रविवार, १४ जुलै, सकाळी साडेदहा. सेक्टर ६ मधल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाचा हॉल. दर रविवारी इथं कुणीतरी एका विषयावर बोलतं; कोण कधी बोलणार, ते माझ्या वहीत ठरतं. हजर: मी, चार बाया, शेजारच्या रिसाली वस्तीतले, रेल्वेत असलेले काका आणि आजचे बोलणारे गृहस्थ.

हे गृहस्थ इथल्या स्टील प्लांटमध्ये लाइटच्या मेंटेनन्सला आहेत. उजेड मोजायचं मीटर कायम खिशात. बसण्याआधी खुर्चीवरचाही उजेड मोजतात. याआधी दोनदा त्यांच्या बोलण्यातून लोक उठून गेले होते. "आज लोक उठून गेले तर यापुढं तुम्हाला रविवार मिळणार नाही," असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

त्यांनी छतापासून गाठी मारलेली दोरी सोडली. वरचं टोक म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग. लाल पिशवीपासून बनवलेली जेलीफिश त्यांनी तळाच्या गाठीला बांधली. खोल पाण्यातली ही जेलीफिश दिवसा खाली असते, अंधार पडला की वर येते, असं सांगितलं.

"म्हणजे शिफ्ट ड्युटी करून राहिली ते," काका म्हणाले.

"घड्याळ नाही पाहत ते, काका. उजेड पाहते. जास्त उजेड तिले सोसत नाही."

तेवढ्यात बाहेर ढग दाटले आणि हॉल काळवंडला. त्यांनी मीटर पाहिलं आणि जेलीफिश दोन गाठी वर सरकवली. बायांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"अन् वर जहाजाचे लाइट रातभर जळत राहिले तर?" एकीनं विचारलं. "किती गाठी खाली जाईन?"

"मले नाही माहीत. मॅडम, लिहून घ्या."

मी वहीत पुढचा रविवारही त्यांच्या नावावर लिहिला. खाली जहाजाचा प्रश्न लिहिला. त्याचं उत्तर शोधायचं अजून बाकी आहे.