कोठीतला मोबाइल
राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला की फुलचूर गावच्या घरातली ती सकाळ आठवते. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय, असं मला माझ्या मानसिक आजारात सारखं वाटायचं. तसं काही नाही, हे डॉक्टरांनी किती वर्षं समजावलं, आणि मग त्यांनीच माझ्या मोबाइलमध्ये झोप आणि हिंडणं-फिरणं टिपणारं अ‍ॅप टाकलं. आजार बळावण्याआधीच त्यातून कळेल म्हणे. मी हो म्हणालो, पण घरी येताच मोबाइल तांदळाच्या कोठीत खोल पुरला. दोनच दिवसांनी सकाळी दवाखान्यातून मोठ्या बहिणीला फोन आला, "भाऊ घराबाहेर पडत नाहीत का?" मी कोठीतल्या मोबाइलकडे बोट दाखवून ओरडलो, "पाह्य, ठेवूनच राहिले ना पाळत?" ती शांतपणे म्हणाली, "हो, ठेवून राहिले. मी बी ठेवून राहिली. जेवला का, झोपला का, रोज पाहून राहिली. मले बी कोठीत टाकशीन का?" मग तिने मोबाइल काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "ठेवाचं का काढाचं, तूच ठरव." इतक्या वर्षांच्या आजारपणात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी अ‍ॅप ठेवलं. संशय आजही येतो, पण आला की आधी बहिणीला फोन लावतो, त्याच मोबाइलवरून.