दाढेनंतरचा ताप

नव्वदीच्या सुरुवातीला मी कऱ्हाडला कॉलेजात होते. शेजारच्या मलकापुरात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. त्या हिवाळ्यात ताप धरला. संध्याकाळ झाली की कणकण, घाम, कोरडा खोकला. गोळ्या घेतल्या की उतरायचा, संपल्या की परत यायचा. शेवटी वडील मला पलूसला घरी घेऊन आले.

माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून बारीक छिद्र आहे हे घरात ठाऊक होतं. पण त्याचा कधी त्रास नव्हता, म्हणून तापाशी कुणी त्याचा संबंध लावला नाही. गावच्या डॉक्टरांना आधी टायफॉईड वाटला, मग टीबी. काकूनं माझा पेला वेगळा ठेवला. आईच्या मनात मात्र तिसरंच होतं. एका दुपारी तिनं दार लावून घेतलं.

"खरं सांग. दिवस गेल्यात का?"

"आई, काय बोलतीस!"

"मग पाळी का चुकली?"

"तापानं चुकली असंल."

तिला पटलं नाही. त्यानंतर मैत्रीण भेटायला आली तरी आई खोलीतून हलायची नाही.

वजन उतरत चाललं तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, नखं पाहिली, मग विचारलं, "इतक्यात दात काढलाय?"

"दिवाळीनंतर दाढ काढली."

"दाढेतले जंतू रक्तात जातात. छिद्र असलं की तिथल्या झडपेवर बसतात. मला तोच संशय आहे."

त्यांनी गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी जंतू दबतात, मरत नाहीत, आणि दबले की तपासणीत सापडत नाहीत, असं ते म्हणाले. मग वेगवेगळ्या वेळी दंडातून रक्त काढलं. वडील भडकले.

"आवं, पोरगी तापानं फणफणतीया आन् औषध बंद? वर रगत काढताय?"

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "ह्या माणसाचं काय खरं न्हाई." मलाही तसंच वाटत होतं.

मिरजेला हृदयाचा इको केला. झडपेवर काही दिसलं नाही. वडील घरी न्यायला निघाले. सांगलीच्या डॉक्टरांनी अडवलं. "दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं. रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट आला. रक्ताच्या प्रत्येक बाटलीत एकाच जातीचे जंतू वाढले होते. पुन्हा इको केला तेव्हा झडपेला चिकटलेली बारकी गाठ दिसली.

ऐकून आई रडायला लागली. आजाराच्या भीतीनं रडली, की तिला वाटत होतं ते नव्हतं म्हणून, मला कळेना. मी विचारलं, "आता पटलं?"

"आईचं मन हाय. वंगाळ आधी येतं त्यात."

कित्येक आठवडे नसेतून इंजेक्शनं चालली. आई उशाशी बसून असायची. मी बरी झाले, पुढं पुण्यात छिद्रही बुजवलं. पण आईजवळ मोकळं बोलणं मला परत कधी जमलं नाही.