मोदकपात्रातले कडे

विघ्नहर्त्या श्रीगजाननाचे स्मरण करून, आज पणतीच्या बारशाच्या दिवशी, माझी एक जुनी चूक येथे लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही उभयता अमेरिकेत फ्रीमाँटला मुलाकडे राहत होतो. शेजारी उत्तर चीनमधून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता. बाळाला महिना झाला की आईच्या आईने मैद्याचे पावासारखे मोठे कडे वाफवायचे आणि ते बाळाच्या डोक्यातून घालून अंगावरून पायांपर्यंत उतरवायचे, अशी त्यांच्या गावची रीत. कडे अखंड, तर आयुष्य अखंड. परंतु ऐन त्या विधीच्या सकाळी त्यांची वाफवण्याची बांबूची चाळण तळातून जळाली.

लेक आमच्याकडे भांडे मागायला आली. आमचे मोठे मोदकपात्र नैवेद्याखेरीज कधी वापरलेले नव्हते. पिठात चरबी आहे का, असे मी विचारले. केवळ पीठ, पाणी आणि आंबवण, असे तिने सांगितले. तरीही माझे मन तयार होईना. पत्नीने मात्र पात्र खाली काढले.

कडे आमच्याच शेगडीवर चढले. त्यावर कंगव्याच्या दातांनी उठवलेल्या पाकळ्या होत्या, मध्येमध्ये लाल खजूर. बाई बाळाला न्हाऊ घालायला घरी गेल्या. जाताना त्यांनी झाकणावर तळवा दाबून मला काही खुणावले. लक्ष ठेवा, एवढेच मी त्यातून घेतले.

आमच्याकडे मोदकांची वाफ घड्याळावर मोजत नसत. स्तोत्राचे एक आवर्तन झाले की झाकण काढायचे. मी त्याच श्रद्धेने आवर्तन पूर्ण केले आणि झाकण उचलले. गार हवा आत शिरली. पाहता पाहता कडे खाली बसले आणि एका बाजूस उकलले.

बाई लेकीसह परतल्या तेव्हा मी हात जोडून चूक सांगितली.  त्यांनी झाकण ठेवून कडे पुरते शिजू दिले आणि लेकीला काही सांगितले.

“अंकल, आई म्हणते, आजोबांना धीर नसतोच,” लेक म्हणाली. “आणि भेग पडली असं म्हणायचं नाही. कडं हसलं म्हणायचं.”

हसलेले कडे बाळावरून कसे उतरवणार, हे विचारण्याचे धैर्य मला नव्हते. बाईंनी उरलेल्या पिठाचा गोळा पत्नीपुढे ठेवला. त्यांच्या गणनेत ते वर्ष उंदराचे होते. आमच्या गजाननाचे वाहन पत्नीच्या बोटांना नवे नव्हते. तिने मिऱ्यांचे डोळे लावून उंदीर घडवला. बाईंनी तो वाफवून काडीने त्या भेगेवर बसवला.

दुपारी कडे बाळाच्या अंगावरून उतरले. बाईंनी पाहुण्यांना प्रथम उंदीर दाखवला, मग माझ्याकडे बोट केले. पात्राच्या सोवळ्याची मी चिंता वाहिली होती, आणि त्यातले अखंड ते माझ्याच हाताने भंगले होते. बाईंच्या मुद्रेवर मात्र त्याची खंत दिसत नव्हती.

वाचकहो, आपल्या घरची बाळे शतायुषी होवोत. घरात काही उकललेच, तर ते सांधणारे हात जवळच असोत. शुभं भवतु.