खरवडलेलं चित्र

आमच्या शेजारच्या काकांइतकं मन लावून चित्रकला शिकणारा आणि इतकी कमी चित्रं काढणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही. निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात, फार तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. काकांनी कलेची कास धरली. क्लास लावणं कमीपणाचं, म्हणून बेलापूरच्या एका नामांकित चित्रकारांना गळ घातली आणि दर शनिवारी त्यांच्या स्टुडिओत गुपचूप बसून राहण्याची परवानगी मिळवली. "चित्र काय, कोणीही काढतं रे. प्रोसेस शिकायची असते!" हे मला रोज ऐकावं लागे.

ही प्रोसेस ते डायरीत उतरवून आणत. 'सव्वानऊ : बिनसाखरेचा चहा. साडेनऊ : खिडकीबाहेर पाहणे.' सोमवारपासून नेरूळच्या आमच्या इमारतीत अंमलबजावणी सुरू. चित्रकारांच्या खिडकीतून डोंगर दिसतो. काकांच्या खिडकीतून समोरच्या विंगेतले एक गृहस्थ बनियनवर दात घासताना दिसत. काका त्यांच्याकडेही अर्धा तास एकटक पाहत. अखेर त्या गृहस्थांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. चित्रकार डावखुरे, म्हणून काकांनीही ब्रश डाव्या हातात धरला. त्या काळातल्या एका केळ्याला मी होडी समजून भरभरून दाद दिली होती.

पण खरं व्रत खरवडण्याचं. चित्रकार संध्याकाळी दिवसभराचं काम सुरीने खरवडून टाकत, म्हणून काकाही टाकत. तीन वर्षं त्यांनी एकाच कॅनव्हासवर संसार केला.

एका रविवारी काकू गॅलरीत कोलंबी सोलत बसल्या होत्या. काकू मूळच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या. कोलंबीकडे न बघता हात चालतात आणि तोंडही. मला माहेरचा कुठलासा किस्सा सांगताना त्या खो-खो हसत होत्या. डावा हात अवघडला म्हणून काकांचा ब्रश नकळत उजव्या हातात गेला होता. संध्याकाळी मी कॅनव्हास पाहिला आणि माझी टवाळी घशातच राहिली. काकू हुबेहूब हसत होत्या.

"काका, हे राहू द्या."

"शिस्त म्हणजे शिस्त," म्हणत त्यांनी सुरी उचलली.

"बग रे, माज्या तोंडावर पोतेरा मारला यांनी," काकू हसून म्हणाल्या खऱ्या, पण आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी काकांनी धीर करून चित्रकारांना विचारलं, "सर, रोज खरवडलं की हात कितव्या वर्षी सुधारतो?"

"सुधारतो कसला? जमलेलं नसतं म्हणून खरवडतो. जमलं की ठेवतो!"

काका घरी न जाता थेट माझ्या दारात आले. "तू बघितलं होतंस ना तिचं ते चित्र? जमलं होतं का रे?"

टिंगलीची इतकी सोन्यासारखी संधी पुन्हा येणार नव्हती. मला एवढंच म्हणता आलं, "जमलं होतं, काका."

ते चपला न काढताच तसेच घराकडे वळले.

आता दर रविवारी काकू कोलंबी घेऊन तशाच बसतात, तोच किस्सा सांगतात, आणि काका उजव्या हाताने रंगवतात. काही खरवडत नाहीत. भिंतीवर सहा काकू झाल्या आहेत, पण एकीलाही ते हसू आलेलं नाही. दर वेळी काका मला बोलावून विचारतात, "तसं झालं का रे?" ते चित्र नीट पाहिलेला मी एकटाच. मी म्हणतो, "जवळ आलंय, काका." काकू माझ्याकडे बघतात, आणि पुढच्या रविवारची कोलंबी सांगून ठेवतात.