रिजेक्टसाहेबांचा माळावरचा डबा

डबा कुठलाही असो, साहेब आधी त्याचा वास घ्यायचे. झाकण बोटभर उचलायचे, डोळे मिटायचे आणि नाक आत. जेवणाचा डबा, औषधाचा डबा, कुणी प्रेमानं आणलेला पेढ्यांचा डबा, सगळ्यांना हाच न्याय. आत काय आहे ते नंतर. वास पटला नाही तर झाकण परत बंद, आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, "रिजेक्ट."

रांजणगावच्या एका कारखान्यात ते क्वालिटीचे साहेब होते आणि मी त्यांच्या हाताखाली ट्रेनी म्हणून लागले होते. सगळा कारखाना त्यांना पाठीमागं रिजेक्टसाहेब म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही असावं. कॅन्टीनचा चहा रिजेक्ट, शिरूरच्या बाजारातले पेरू रिजेक्ट, कंपनीच्या बसचा हॉर्नसुद्धा रिजेक्ट. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन प्रकारचे स्टिकर असायचे, रिजेक्टचे लाल आणि पासचे हिरवे. लाल भराभर संपायचे. हिरव्यांच्या कडा खिशात राहून राहून मळायच्या.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा विचारलं, की घरीही असंच असतं का. त्या म्हणाल्या, "अगं, मला बघायला आले तेव्हा कांदेपोह्यांचासुद्धा वास घेतला होता ह्यांनी."

"मग, पास केलं का?"

"कुठलं गं! निकाल अजून राखून ठेवलाय."

अशा माणसाला परदेशातल्या पुतण्यानं एक पिवळं जीपीएस यंत्र पाठवलं, आणि त्यांच्या आयुष्याला खेळ मिळाला. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एखाद्या जागी डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी ते यंत्रात भरायचे, बाण दाखवेल तिकडं चालत सुटायचं, डबा शोधायचा. आत एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. एखादी बारकी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून घरी यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. तेव्हा आमच्या भागात असले डबे अगदी मोजके होते आणि आम्ही आकडे उतरवून घ्यायला जायचो त्या शिरूरच्या सायबर कॅफेतल्या पोराला वाटायचं, की साहेब जमिनी बघतायत.

रविवारी साहेबांची जुनी मारुती निघायची. पुढं साहेब आणि काकू, मागं मी आणि दशम्यांचा डबा. ते रविवार आठवले, की अजून मला सगळं थोडं धूसर, उन्हात तापलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच घोड नदीचं संथ पाणी, काकूंची लागलेली डुलकी, आणि हातातल्या यंत्राशी पुटपुटणारे साहेब. आम्ही कुठं पोचणार आहोत ह्याची मला कधीच घाई नसायची.

डबा सापडला, की साहेबांचं इन्स्पेक्शन सुरू व्हायचं. आधी वास. मग झाकणाच्या कडेनं अंगठा फिरवायचा. मग वहीची पानं चाळून बघायची, एकमेकांना चिकटलीत का. घोडच्या काठावर एका बाभळीच्या ढोलीत कुणीतरी कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी ठेवली होती. जागा झकास होती, पण डबीतल्या कागदाचा लगदा झाला होता. मी म्हटलं, "साहेब, लपवलंय तर छान."

"लपवणं काय, मांजरालाही येतं," ते म्हणाले. "ट्रेनी, राखणं येतं का ते बघायचं. ह्यानं डबी ठेवली आणि विसरला. आपण विसरलेली वस्तू दुसऱ्याला शोधायला लावायची, हा कुठला पाहुणचार?"

त्यांचे प्रश्न तीनच होते. डबा कोरडा आहे का? वाट सांगितली तशी खरी आहे का? आणि तिसरा प्रश्न ते डब्याकडे पाठ करून, समोर बघत विचारायचे, "इथं डबा नसता तरी आपण आलो असतो का?" ह्या तिसऱ्या प्रश्नाला ते फार वेळ घ्यायचे. कधी कधी उत्तर न देताच दशम्या सोडायला सांगायचे. हिरवा स्टिकर मात्र कुठल्याच डब्याला मिळाला नाही.

एकदा वढू बुद्रुकच्या अलीकडं एक डबा असल्याचं कळलं. साहेब गेले, समाधीपाशी चपला काढल्या, बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि गाडीत येऊन बसले. यंत्र खिशातून काढलंसुद्धा नाही. "डबा?" मी विचारलं. म्हणाले, "लोक जिथं हात जोडायला येतात, त्या वाटेवर आपण झुडपात हात घालत फिरायचं? शोभत नाही." काकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "बाकी झुडपात शोभतं, हे माहीत नव्हतं हो मला."

मग त्यांनी स्वतःचा एक डबा ठेवला. कुरकुंभच्या अलीकडं, दौंडच्या बाजूला एक उघडा माळ आहे. झाडं अशी नाहीतच, नुसतं कुसळी गवत. पावसाळा संपला की ते पिवळं पडतं आणि वाऱ्यावर सगळा माळ हळूहळू सरकतोय असं वाटतं. लांबवर दौंडकडं जाणारी आगगाडी दिसते, पण आवाज पोचत नाही. दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या चिमण्या, संध्याकाळी त्यांचा धूरसुद्धा सुंदर दिसतो. तिथं दगडांच्या एका बेचक्यात साहेबांनी कडीचा स्टीलचा डबा ठेवला. रबर नवं, वही नवी, आणि ओल कळावी म्हणून सिलिका जेलची पुडी. त्या पुडीतले निळे दाणे ओल लागली की गुलाबी होतात.

दर महिन्याला साहेब तो माळ चढायचे. दाणे बघायचे, पुडी बदलायची, रबर पुसायचं, वास घ्यायचा. काकू दगडावर बसून पदरानं वारा घ्यायच्या. नीट पुसून परत ठेवलेल्या त्या डब्यालाही त्यांनी कधी पास केलं नाही. मी हट्ट धरला तर म्हणायचे, "स्वतःच्या मालाला स्वतःच हिरवा लावणारा इन्स्पेक्टर बघितलायस का कुठं?"

पुढं साहेब रिटायर झाले आणि गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी चढ बंद केला. साहेबांनी त्यालाही रिजेक्ट केलं आणि आणखी काही महिने काठी टेकत गेले. शेवटी बेंगळुरूच्या लेकीनं दोघांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. दौंड स्टेशनावर मी निरोपाला गेले होते. काकू सामान मोजत होत्या. साहेबांनी खिशातून एक लाल आणि एक हिरवा स्टिकर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"पावसाळा झाला की माळावर जा," ते म्हणाले. "ओल असेल तर लाल लाव आणि डबा उचलून आण. मी साइटवरून नाव काढून टाकतो. राखता येत नाही तो डबा ठेवू नये. बेवारस डबा म्हणजे कचरा."

"मी राखते ना, साहेब."

"तू उद्या लग्न करून कुठं जाशील, तुझं तुला माहीत नाही. दयामाया नको. तपासायचं आणि ठरवायचं."

गाडी हलली. खिडकीतून काकूंचा हात बराच वेळ दिसत होता, साहेबांचा नाही. मला फार वाईट वाटलं. ह्या सगळ्या मुलखात त्या माणसाचं म्हणावं असं आता एकच उरलं होतं, एक स्टीलचा डबा, आणि तो उचलायचा की ठेवायचा हे मी ठरवायचं होतं. लाल स्टिकर तिथंच फाडून टाकावा असं मनात आलं. पण त्यांनी मला तयार केलं होतं. तसं करवलं नाही.

तो पावसाळा दणकून झाला. दसरा झाल्यावर मी स्कूटी काढून गेले. माळ चढताना पहिल्यांदा जाणवलं, की वाट झालीय. पूर्वी गवतातून कसंबसं जावं लागायचं, आता पायवाट होती आणि तिच्यावरचे काटे बाजूला केलेले होते. वर पोचले आणि थांबलेच. दगडांचं बेचकं होतं तिथं व्यवस्थित रचलेला कट्टा होता. त्यावर सपाट फरशी, फरशीवर पिवळाजर्द भंडारा, आणि बाजूला नारळाची करवंटी.

डबा गेला असणार. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला आणि मेंढरं वर आली, त्यांच्या मागं काठी घेतलेले एक म्हातारे आबा.

"कोण पायजे, ताई?"

"आबा, हे देवस्थान कुठलं?"

"नाव आमाला बी ठावं न्हाई. पर जुनं असंल," आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले. "मोटारीतनं मान्सं येत्यात. हातात कायतरी यंत्र. हितं आली की वाकत्यात, दगूड हलिवत्यात, आन् हसत माघारी जात्यात. पुन्याची येत्यात, येकदा तर गोरी बी आल्ती. येक म्हातारं तर दर म्हयन्याला यायचं, संगं म्हातारी. गुडघं धड न्हाईत, तरी काठी टेकत यायचं. आता त्याला काय उगं याड लागलंय व्हय? देव असल्याबिगर कोन येतंय हितं?"

मी फरशीवरच्या भंडाऱ्याकडं बघितलं.

"मंग आमी बी औंदा कट्टा रचला, भंडारा वाहाया लागलो. मेंढरं आडवी जाऊ देत न्हाई. पावसात वरनं मेणकागूद टाकतो, पानी जाया नगं."

"आत काय आहे, कधी बघितलं नाही?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच खजील झाले. "द्येवाचं कोन उघडतंय, ताई?" मग म्हणाले, "त्ये म्हातारं दिसंना झालं. हाय ना?"

"आहेत, आबा. लेकीकडं गेलेत, लांब. येणं होणार नाही आता."

"मंग सांगा त्यास्नी, काळजी करू नगा म्हनावं. हितलं आमी बघतो."

मेंढरं उताराला लागली आणि आबा त्यांच्यामागं गेले. मी खाली बसले, फरशी सरकवली. डबा जागेवर होता. कडी काढली आणि सवयीनं आधी नाक आत घातलं. मग मोबाइलला रेंज कुठं मिळते ते बघत उभी राहिले आणि बेंगळुरूला फोन लावला. आबांचं बोलणं शब्दन्शब्द सांगितलं.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. हात जोडायच्या जागी झुडपात हात न घालणारा माणूस आता काय म्हणतो, ह्याची मला धास्तीच वाटत होती.

"दाणे?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलणं शक्य होतं. "गुलाबी झालेत, साहेब."

"हं. वही?"

"कोरडी आहे. पानं सुटी आहेत."

"वाट?"

"तुम्ही साइटवर टाकली होती त्याहून चांगली आहे."

तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. विचारायचं कारणही उरलं नव्हतं. इथं डब्यासाठी न येणारी माणसंच आता ह्या जागेचा सांभाळ करत होती.

"वास घेतलास?"

"घेतला."

"कसला येतोय?"

"हळदीचा," मी म्हटलं.

माळावर वारा सुटला होता. दौंडकडं जाणारी एक गाडी लांबवर, आवाज न करता, सरकत होती.

"पास," साहेब म्हणाले.

मागून काकूंचा आवाज आला, "अगंबाई! मला नाही म्हणाले हो आजवर." आणि मग साहेब हसत होते की आणखी काही, ते मला नीट कळलं नाही.

हिरवा स्टिकर मी झाकणाच्या आतल्या बाजूला लावला. डबा जागेवर ठेवायचा तर पार खाली वाकावं लागतं. वाकले, फरशी सरकवली, उठले, तर उताराखाली आबा वळून बघत होते. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मेंढरांना हाळी दिली.

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लग्न करून फार लांब गेले नाही, शिरूरलाच आहे. पावसाळा संपला की माळावर जाते. फरशी हलवायच्या आधी हात जोडते. आणि डबा उघडला, की आधी वास घेते.