कुंकू लाल येणारा कॅमेरा

भद्रकालीतला इसाक फोटोग्राफर वाईट फोटो काढतो असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्याने ते एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण फोटो चांगला आला की नाशिककर म्हणत, "कॅमेरा झकास आहे हो." आणि स्वतःचं नाक फोटोत नाकाएवढंच दिसलं की म्हणत, "कॅमेरा जुना झाला." यात इसाक कुठेच नव्हता. बावीस वर्षं काळ्या कापडाखाली वाकून त्याची मान आखडली होती, फोटो धुण्याच्या औषधांनी नखं काळी पडली होती, आणि शाबासकी मिळत होती लाकडाच्या खोक्याला. कुणाचंही पित्त खवळावं अशीच ही तऱ्हा.

ते खोकं त्याच्या उस्तादांचं. जाताना त्यांनी ते इसाकच्या हवाली केलं होतं, आणि त्याचं पितळ तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. गिऱ्हाईक आलं की तो आधी पाणी द्यायचा. मग पीकपाणी, लेकीबाळी, सोयरीक. बोलता बोलता माणसाचे खांदे उतरले, चेहरा घरच्यासारखा झाला, की हळूच कापडाखाली शिरायचा. हे सगळं खोकं करत होतं म्हणे.

शेजारी गोटीरामचं फ्रेमचं दुकान. इसाकच्या फोटोंना चौकटी घालता घालता त्याला वाटलं, यात आहे काय एवढं? पस्तीस साली तो मुंबईहून जर्मन कॅमेरा घेऊन आला. तळहातात मावणारा, आत फोटो उमटायच्या काचेच्या जागी गुंडाळीची फिल्म. महिनाभर त्याने फोटो काढले. कुणाचं डोकं उडालं, कुणाचे डोळे मिटले. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं. पण याचं अंगण कोरं करकरीत, त्यामुळे बिचाऱ्याला तेही म्हणता येईना.

मग त्याने तोड काढली. "इसाकभाई, माझा कॅमेरा तुम्ही वापरा. गिऱ्हाईक खूश झालं, तर नवा तुमचा आणि जुना माझा. मुंबईत एक शौकीन शेठ असली जुनी खोकी जमवतो."

इसाकने दोनदा नाही म्हटलं. पण तेवढ्यात ओळीने तीन लग्नं दुसरीकडे गेली, कारण काय तर तिथे कॅमेरा नवा. मासूमा, त्याची बायको, म्हणाली, "एकदा बघा तरी. लोकांचं तोंड बंद होईल." इसाकने रागारागात शब्द देऊन टाकला. उस्तादांचं खोकं आता गिऱ्हाइकांच्या खुशीवर टांगलं गेलं.

नव्या कॅमेऱ्यापुढे पहिला बसला मखमलाबादचा बहिरू माळी. झेंडू-शेवंती घेऊन तो रोज बाजारात येई. भाद्रपदात मुदतीच्या तापाने त्याला पार खाली ठेवायची वेळ आणली होती. नवसाबाईने, त्याच्या बायकोने, वणीच्या देवीला साकडं घातलं होतं. तो उठून बसला, नवस फिटला, आणि दोघं जोडीने फोटो काढायला आली. नवसाबाईचं हिरवं लुगडं नवं होतं आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं. नवऱ्याला ओढून परत आणलेली बाई. कुंकू ती लहान लावेलच कशाला?

फोटो धुऊन दोरीवर वाळत घातला, तेव्हा आधी मासूमाने पाहिलं.

"अजी, हिच्या कपाळावरचं कुठं गेलं?"

इसाक जवळ आला. लुगड्याचे काठ होते, नथीतला मोती न् मोती होता. कपाळ मात्र ओकंबोकं.

त्याने फिल्म उजेडात धरली आणि त्याच्या लक्षात आलं. उस्तादांच्या काचेवर तांबडा रंग काळा उमटे, त्यामुळे कुंकू ठसठशीत दिसे. या नव्या फिल्मवर तांबडं उजळ उमटलं आणि कातडीत मिसळून गेलं. यात जर्मन कॅमेऱ्याचा काय दोष? दोष फिल्मचा स्वभाव न विचारणाऱ्या इसाकचा. बावीस वर्षांत केली नव्हती अशी चूक त्याने केली, ती या लोकांच्या हट्टापायी. त्याला लोकांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी बहिरू आणि नवसाबाई फोटो न्यायला आली. बहिरूने फोटो हातात धरला आणि दारातल्या उजेडाकडे नेला. नवसाबाईने पदर तोंडाला लावला.

"इसाकभाई," बहिरू म्हणाला, "म्या जिता हाय ना अजून?"

इसाकला वर बघवेना. ब्रशने दुरुस्त करून देतो, दुसरा काढतो, असं काहीबाही तो पुटपुटला. पण नवसाबाई ते कपाळ घेऊन घरी जायला तयार नव्हती आणि फोटो फाडू द्यायलाही तयार नव्हती. फोटोत बहिरू होता ना.

इसाकने ब्रश उचलला आणि परत ठेवला. परक्या बाईच्या कपाळाला हात लावायचा नाही, मग ते कागदावरचं का असेना. तो म्हणाला, "बाई, कुंकवाची डबी आहे जवळ?"

तिने कमरेच्या चंचीतून डबी काढली. इसाकने आगकाडीचं टोक डबीतल्या मेणात बुडवून बहिरूच्या हातात दिलं. "तुमच्या हाताने लावा, बहिरूभाऊ."

खुरपं धरणारा तो हात, त्यात आगकाडी. श्वास रोखून त्याने मेणाचा ठिपका दिला आणि वर चिमटीभर कुंकू दाबलं. काळ्यापांढऱ्या फोटोत तेवढं एक लालभडक उठलं. नवसाबाई पहिल्यांदा नीट हसली.

इथे गोष्ट संपली असती तर इसाक सुखी झाला असता. पण बहिरूने तो फोटो फुलबाजारात दहा जणांना दाखवला, दहा जणांनी शंभरांना सांगितलं, आणि आठवड्यात बोभाटा झाला की भद्रकालीत नवा कॅमेरा आलाय, त्यात कुंकू लाल येतं. इसाक ज्याला त्याला समजावून थकला. लोक मान डोलवत आणि म्हणत, "तरी पण कॅमेरा भारीच."

गोटीराम हात चोळत आला. "सांगत नव्हतो, इसाकभाई? गिऱ्हाईक खूश. द्या आता तुमचं खोकं."

इसाकचं डोकं फिरलं. जर्मन कॅमेरा उचलून त्याने गोटीरामच्या हातावर ठेवला. "गिऱ्हाईक खूश झालं ते बहिरूच्या काडीवर. जा मखमलाबादला आणि त्याच्याशी कर अदलाबदल. शेठला पाहिजे असेल तर काडीही देतो."

गोटीराम तसाच उभा असताना सायखेड्याचं एक जोडपं दारात आलं. "कुंकू लाल येतं ते दुकान ह्येच का?"

इसाकने दोघांना बसवलं, पाणी दिलं, गोदावरीला पाणी किती आहे विचारलं. त्यांचे खांदे उतरल्यावर तो उस्तादांच्या खोक्यामागे गेला आणि काळं कापड डोक्यावर ओढलं.

सायखेड्याचा माणूस त्या पितळी खोक्याकडे कौतुकाने बघत बायकोला म्हणाला, "नवा कॅमेरा लय मोठा असतो, नाय?"

कापडाखाली इसाकने दातओठ खाल्ले आणि फोटो काढला.